उंदीर उभा राहिला की नाही, हे कोण ठरवणार? झुरिकच्या लॅबमधलं एक प्रकरण

उंदरांच्या वागण्यावर काम करणाऱ्या लॅबमध्ये एक वाद कधी ना कधी होतोच, की सॉफ्टवेअरने दिलेला आकडा धरायचा का माणसाने व्हिडिओ बघून मोजलेला. बहुतेक ठिकाणी हा वाद "सॉफ्टवेअर एवढं महाग आहे, बरोबरच असणार" इथे संपतो, आणि पेपरमध्ये एक ओळ जाते की अमुक प्रणालीने ट्रॅकिंग केलं, पुढे कोणी विचारत नाही. म्हणून मला ईटीएच झुरिक या स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठात झालेलं काम फार महत्त्वाचं वाटतं. ऑलिव्हर स्टुरमन आणि सहकाऱ्यांनी ते २०२० मध्ये न्यूरोसायकोफार्माकॉलॉजी या जर्नलमध्ये छापलं. त्यांनी हा प्रश्न सरळ टेबलावर ठेवला. वर्षानुवर्षं वापरात असलेल्या तीन टेस्ट घेतल्या, माणसांनी व्हिडिओ बघून केलेलं आणि एकमेकांशी ताडून घेतलेलं स्कोअरिंग घेतलं, त्याच्या शेजारी बाजारात मिळणाऱ्या दोन प्रणाली ठेवल्या आणि व्हिडिओत प्राण्याच्या अंगावरचे बिंदू शोधणारं, फुकट मिळणारं डीपलॅबकट हे सॉफ्टवेअर ठेवलं, आणि बघितलं की माणसाच्या जवळ कोण जातंय. आज हेच प्रकरण नीट उलगडून बघू, कारण यातून काय शिकायचं याबद्दल माझं मत रूढ मतापेक्षा जरा वेगळं आहे.

आधी टेस्ट कुठल्या ते बघू. पहिली ओपन फील्ड, म्हणजे भिंती असलेला मोकळा चौकोनी किंवा गोल डबा, त्यात उंदीर सोडायचा आणि काही मिनिटं बघायचं. ही कल्पना १९३४ ची, कॅल्विन हॉल यांची, त्यांनी ती घुशीएवढ्या मोठ्या उंदरांवर म्हणजे रॅटवर केली होती. घाबरलेला प्राणी भिंतीला चिकटून फिरतो, धीट झालेला मधे येतो, हा या टेस्टचा पाया. दुसरी एलिव्हेटेड प्लस मेझ, जमिनीपासून उंच अधिक चिन्हाच्या आकाराचा मार्ग, दोन हात भिंती असलेले आणि दोन उघडे, उंदीर उघड्या हातावर किती वेळ जातो ते मोजायचं. तिसरी फोर्स्ड स्विम, पाण्याच्या उभ्या भांड्यात उंदीर सोडायचा आणि तो किती वेळ धडपडतो, किती वेळ नुसता तरंगतो ते बघायचं, ही १९७७ ची, पोर्सोल्ट यांची. डिप्रेशन, अँक्झायटी, स्ट्रेस यांच्यावरच्या औषधांचं प्राण्यांवरचं किती काम या तिघींवर उभं आहे हे आठवलं की मोजणी चुकली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आता जुनं सॉफ्टवेअर करतं काय? मूळ पद्धत सोपी आहे. रिकाम्या डब्याचं चित्र आधी घेऊन ठेवायचं, मग प्रत्येक फ्रेममधून ते वजा करायचं, जे उरतं तो उंदीर. उरलेल्या ठिपक्याचा मध्यबिंदू काढायचा, तो फ्रेममागून फ्रेम जोडत जायचा, झाला मार्ग. नेदरलँड्सच्या नोल्डस कंपनीचं एथोव्हिजन १९९० च्या दशकापासून हे काम करतंय आणि त्यामुळे कागद-पेन-स्टॉपवॉच घेऊन बसणारी एक पिढी सुटली, हे मान्य करायलाच हवं. दुसरा मार्ग इन्फ्रारेड किरणांचा, डब्याच्या बाजूंनी किरणांची जाळी असते, उंदराने किरण तोडला की नोंद, वरच्या उंचीवरचा किरण तोडला की तो उभा राहिला असं धरायचं. झुरिकच्या तुलनेत एथोव्हिजन एक्सटी १४ होतं आणि किरणांवर चालणारी, टीएसई सिस्टिम्स कंपनीची मल्टी कंडिशनिंग सिस्टिम होती.

मध्यबिंदूवरून अंतर, वेग, मधल्या भागात किती सेकंद हे सगळं छान मिळतं. अडचण सुरू होते ती उंदीर प्रत्यक्षात काय करतोय हे विचारल्यावर. वरून लावलेल्या कॅमेऱ्याला मागच्या पायांवर उभा राहिलेला उंदीर म्हणजे फक्त जरा आखूड झालेला ठिपका दिसतो, आणि बसून तोंड पुसणारा उंदीरसुद्धा आखूड ठिपकाच दिसतो. मग सॉफ्टवेअरने फरक कसा करायचा? लॅबमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा सी५७ ब्लॅक-६ हा उंदीर काळाकुट्ट असतो, तो काळपट फरशीवर सोडला की पार्श्वभूमीत विरघळतो, पांढऱ्या फरशीवर सोडला तर सावल्या येतात, लेंड्या आणि लघवीचे डाग ठिपके म्हणून धरले जातात, डोक्याला केबल लावली असेल तर केबलच उंदीर होऊन बसते. मग माणूस थ्रेशोल्ड म्हणजे किती गडद ठिपका उंदीर धरायचा ती मर्यादा इकडे-तिकडे करत बसतो, आणि प्रत्येक लॅबचा थ्रेशोल्ड वेगळा.

रिअरिंगला म्हणजे मागच्या पायांवर उभं राहण्याला एवढं महत्त्व का, हे थोडं थांबून सांगते, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. उंदीर दोन तऱ्हेने उभा राहतो. एक, पुढचे पाय भिंतीला टेकवून. दुसरं, कशाचाही आधार न घेता, मोकळ्यात, नुसतं शरीर वर उचलून हवा हुंगत. वरवर दोन्ही सारखंच, पण याच गटाने २०१८ मध्ये दाखवलं होतं की उघड्यावरचं, बिनआधाराचं उभं राहणं स्ट्रेसला फार संवेदनशील असतं. म्हणजे दोन्ही एकत्र मोजले तर जो फरक दिसायला हवा तो पातळ होऊन जातो. आणि मध्यबिंदूवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला नेमका हाच भेद करता येत नाही. तसंच प्लस मेझवर उंदीर कडेवरून डोकं खाली घालून खोली बघतो, किंवा भिंतींच्या आडोशाला मागचे पाय ठेवून पुढचं अंग लांब ताणून उघड्या हाताचा अंदाज घेतो. हे बघितल्याशिवाय त्या प्राण्याच्या मनात काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही, नुसते सेकंद मोजून काय कळणार.

तर मग माणूस बरा, असं वाटेल. माणूस बराच आहे, पण माणसाचे त्रास कोणी बसून स्कोअरिंग केलंय त्याला विचारा. व्हिडिओ जेवढा लांब त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तो बघण्यात जातो, कारण थांबवायचं, मागे न्यायचं, परत बघायचं. उंदराने पुढचे पाय जमिनीपासून जरासे उचलले, ते उभं राहणं धरायचं का? उभा असतानाच त्याने मधेच पाय भिंतीला टेकवला, आता हे कुठल्या खात्यात? सकाळी एक निर्णय घेतला जातो, संध्याकाळी थकल्यावर दुसरा. दोन माणसं घेतली तर फरक आणखी वाढतो. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या लोकांनी मार्स नावाचं सॉफ्टवेअर २०२१ मध्ये छापलं, त्यात त्यांनी एकाच लॅबमधल्या आठ जणांना तेच व्हिडिओ स्कोअर करायला दिले होते आणि दोन उंदरांमधला हल्ला कधी सुरू होतो, कधी संपतो यासारख्या गोष्टींवरही त्यांच्यात फरक निघाले. सगळे शिकलेले, सरावलेले लोक होते तरी.

झुरिकच्या लोकांनी इथे जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यांनी आधी माणसांचं स्कोअरिंग पक्कं केलं. कुठली हालचाल कशात धरायची याची व्याख्या, एकापेक्षा जास्त माणसं, त्यांची एकमेकांशी पडताळणी, आणि मग ते व्हिडिओ स्कोअरिंगसकट सगळ्यांसाठी खुले केले. सॉफ्टवेअर त्यानंतर आलं. लोक हा पेपर वाचतात आणि "डीपलॅबकट जिंकलं" एवढंच घेऊन जातात, पण डीपलॅबकटला उभं राहणं म्हणजे काय हे माहीतच नाही, ते त्याला कोणीतरी शिकवलंय.

डीपलॅबकट म्हणजे काय ते पण सांगू. २०१८ मध्ये नेचर न्यूरोसायन्समध्ये आलं, अलेक्झांडर मॅथिस, मॅकेंझी मॅथिस, ट्युबिंगनचे मथियास बेथगे आणि हार्वर्डचे वेंकटेश मूर्ती यांच्यासह सात जणांच्या टीमचं काम. माणसांच्या फोटोत हात-पाय-सांधे शोधण्यासाठी जी न्यूरल नेटवर्क म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे प्रोग्रॅम बनले होते त्यातलीच एक त्यांनी उचलली, ती आधीच लाखो साध्या फोटोंवर तयार झालेली होती, त्यामुळे कडा, पोत, आकार हे तिला येत होतं, आता फक्त "हे नाक, हे कान, हे शेपटीचं मूळ" एवढं शिकवायचं होतं. आणि त्यासाठी २०० च्या आसपास फ्रेम हाताने लेबल केल्या तर पुरतं, हे त्यांनी दाखवलं. कागदावरच्या वासाच्या रेषेमागे नाक लावून धावणारा उंदीर होता त्यांच्या एका प्रयोगात. एकाच माणसाने तीच चित्रं दोनदा लेबल केली तर त्याचा स्वतःशीच फरक सरासरी २.६९ पिक्सेल येत होता, आणि पुरेशा फ्रेम दिल्यावर नेटवर्क जवळपास तिथपर्यंत पोचत होतं. उंदरावर कुठलीही खूण रंगवायची नाही, काही चिकटवायचं नाही, साधा कॅमेरा पुरतो. आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्स.

झुरिकमध्ये त्यांनी उंदरावर १३ बिंदू घेतले. नाक, कान, मान, अंगाच्या दोन्ही बाजू, शेपटी असे. आणि एक शहाणपणाची गोष्ट केली, डब्याचे कोपरेसुद्धा बिंदू म्हणून लेबल केले. याचा फायदा असा की कॅमेरा जरा हलला, डबा जरा सरकला तरी हरकत नाही, सेंटीमीटर किती आणि मधला भाग कुठून कुठे हे त्या कोपऱ्यांवरूनच निघतं, प्रत्येक व्हिडिओत माउसने चौकोन ओढत बसावं लागत नाही. ही युक्ती आजही जो नवीन सुरुवात करतो त्याला मी पहिली सांगते.

मग पुढचा टप्पा. बिंदू मिळाले म्हणजे वागणं मिळालं असं नाही, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण नवीन लोक इथेच अडकतात. बिंदू म्हणजे फक्त प्रत्येक फ्रेममधले आकडे, आणि प्रत्येकाबरोबर नेटवर्कला किती खात्री आहे त्याचा एक आकडा. खात्री कमी असेल तिथला बिंदू काढून टाकायचा आणि आजूबाजूच्या फ्रेमवरून भरायचा. मग त्यातून मोजमापं काढायची, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अंतर किती, अंगाने व्यापलेलं क्षेत्र किती, डोकं आणि धड यात कोन किती, वेग किती. काही गोष्टी एवढ्यावरच सुटतात. उदाहरणार्थ प्लस मेझवर डोकं मार्गाच्या कडेबाहेर गेलंय पण धड मार्गावरच आहे, म्हणजे उंदीर खाली डोकावतोय, इथे साधा नियम चालतो. पण उभं राहणं किंवा ग्रूमिंग म्हणजे अंग चाटणं-पुसणं एका फ्रेमवरून कळत नाही, त्यासाठी आधीच्या आणि नंतरच्या काही फ्रेम एकत्र बघाव्या लागतात. म्हणून त्यांनी दुसरं एक छोटं नेटवर्क बनवलं, त्याला एकीकडे ही मोजमापं दिली आणि दुसरीकडे माणसांनी त्याच क्षणाला काय लिहिलं होतं ते दिलं. ते शिकलं. मग न बघितलेल्या व्हिडिओवर त्याची परीक्षा घेतली.

निकाल काय लागला? अंतर, वेग, कुठल्या भागात किती वेळ या साध्या ट्रॅकिंगमध्ये डीपलॅबकट बाजारातल्या प्रणालींच्या बरोबरीला किंवा काही ठिकाणी वरचढ. म्हणजे तुम्हाला फक्त अंतर हवं असेल आणि लॅबमध्ये जुनी प्रणाली नीट चालत असेल तर घाईने काही बदलायची गरज नाही, हे मी मुद्दाम म्हणते कारण नवीन आलं की जुनं सगळं टाकाऊ असं बोलायची लोकांना सवय असते. खरा फरक पडला तो वागण्यात. उभं राहणं, डोकावणं, तरंगणं अशा गोष्टींत बाजारातल्या प्रणाली माणसाच्या स्कोअरिंगपासून बऱ्याच लांब राहिल्या आणि बिंदू आणि शिकवलेलं छोटं नेटवर्क ही जोडी माणसांच्या तोडीला पोचली. वर खर्च अगदी थोडा. आणि एकाच माणसाचे दोन वेळचे फरक, दोन माणसांमधले फरक हे दोन्ही गेले, कारण तोच व्हिडिओ मशीनला शंभर वेळा दिला तरी उत्तर तेच येणार.

आता माझं म्हणणं. फरक गेले म्हणजे चूक गेली असं नाही. मशीन प्रत्येक उंदराला सारख्याच मापाने मोजतं ही फार मोठी गोष्ट आहे, औषध दिलेला गट आणि न दिलेला गट यांची तुलना करताना हेच तर हवं असतं. पण ते माप ज्या माणसांनी शिकवलं त्यांची व्याख्या जर सैल असेल तर ती सैल व्याख्या आता हजारो व्हिडिओंवर न थकता लागू होणार. माणूस तरी मधे कधीतरी थांबतो आणि म्हणतो "अरे, हे काहीतरी वेगळंच करतोय हा उंदीर". नेटवर्क असं कधी म्हणत नाही, त्याला दिलेल्या खान्यांपैकी एकात टाकूनच मोकळं होतं. आजारी असलेला, झटका आलेला, कोपऱ्यात थरथरणारा उंदीर त्याच्या दृष्टीने "स्थिर" असू शकतो. म्हणून व्हिडिओ डोळ्यांनी बघणं बंद करू नका, कधीच.

फोर्स्ड स्विमचं तर आणखी वेगळं आहे. तरंगण्याचे सेकंद मशीन सुंदर मोजेल, पण तरंगणं म्हणजे हताश होणं का शहाणपणाने ताकद वाचवणं, यावरचा वाद मोजणीने सुटणारा नाही. या टेस्टवर प्राण्यांच्या बाजूनेही आणि विज्ञानाच्या बाजूनेही भरपूर टीका झालीय आणि कित्येक मोठ्या औषध कंपन्यांनी ती सोडून दिलीय. अचूक मोजलेला आकडा बघून त्याच्या अर्थावर जास्त विश्वास बसतो, हा धोका खरा आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे मशीन कॅमेऱ्यासमोर येण्याआधी जे घडतं त्याला हात लावू शकत नाही. १९९९ मध्ये क्रॅब, वॉलस्टेन आणि डुडेक यांनी सायन्स या जर्नलमध्ये जे छापलं ते प्रत्येकाने वाचावं. ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड अशा तीन ठिकाणी तेच वाण, तशीच उपकरणं, तेच वेळापत्रक, दिवसाची वेळसुद्धा जुळवलेली, तरी काही टेस्टचे निकाल लॅबप्रमाणे बदलले. एडमंटनमधल्या प्रयोगकर्त्याला उंदरांची अॅलर्जी होती म्हणून तो घूं घूं आवाज करणारं श्वासाचं हेल्मेट घालून काम करत होता, आता उंदरांना ते कसं वाटलं असेल कोण जाणे. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने नेचर मेथड्समध्ये दाखवलं की पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासानेच उंदरांचा स्ट्रेस वाढतो. म्हणजे पिंजऱ्यातून कोणी काढलं, शेपटीला धरून काढलं का ओंजळीत घेऊन, खोलीत प्रकाश किती होता, हे सगळं वागण्यात उतरतं आणि मग मशीन ते इमानदारीने मोजतं. मोजणीतला गोंधळ गेला की हा गोंधळ उलट जास्त स्पष्ट दिसतो, आणि ते चांगलंच आहे.

तिसरी गोष्ट, झुरिकचं शिकवलेलं नेटवर्क उचलून आपल्या व्हिडिओला लावलं आणि झालं, असं होत नाही. कॅमेऱ्याची उंची, लेन्स, उजेड, फरशीचा रंग, फ्रेमचा वेग, उंदराचा रंग यातलं काही बदललं की बिंदू उड्या मारायला लागतात. बाल्ब-सी हा पांढरा उंदीर काळ्या उंदरांवर शिकलेल्या नेटवर्कला अनोळखीच. आपल्या स्वतःच्या व्हिडिओंतून फ्रेम काढून परत शिकवावंच लागतं, आणि त्या फ्रेम एकाच दिवसाच्या, एकाच उंदराच्या घेऊन चालत नाहीत, वेगवेगळ्या उंदरांच्या, वेगवेगळ्या उजेडातल्या, धावताना धूसर झालेल्या, कोपऱ्यात गोळा होऊन बसलेल्या अशा सगळ्या हव्यात. एका डब्यात दोन-तीन उंदीर असतील तर आणखी कठीण, कोण कोण आहे हे गुंतलं की अदलाबदल होते. त्यासाठी २०२२ मध्ये डीपलॅबकटची अनेक प्राण्यांची आवृत्ती आणि प्रिन्स्टनमध्ये सुरू झालेलं स्लीप नावाचं सॉफ्टवेअर ही दोन्ही साधनं नेचर मेथड्समध्ये आली, पण पिंजऱ्यात एकमेकांवर रचून झोपणाऱ्या काळ्या उंदरांपुढे आजही सगळ्यांची दमछाक होते.

यावर एक अगदी वेगळी वाट पण आहे. माणसाने व्याख्या द्यायचीच नाही. हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या लॅबने २०१५ मध्ये मोसेक नावाची पद्धत आणली, त्यात खोली मोजणारा कॅमेरा उंदराच्या अंगाची त्रिमितीय हालचाल टिपतो आणि मशीन स्वतःच ती सेकंदापेक्षा छोट्या तुकड्यांत कापतं, जे परत परत येतात. आपल्या डोळ्याला दिसलेच नसते असे तुकडे त्यात सापडतात. मला ही वाट फार आवडते, तरी पहिल्यांदाच या कामात पडणाऱ्याने झुरिकची पद्धतच धरावी असं मी म्हणेन, कारण तिथे प्रत्येक आकड्याच्या मागे "हे बघा, हा तो क्षण" असं बोट ठेवून व्हिडिओ दाखवता येतो. मोसेकने दिलेल्या एखाद्या तुकड्याला नाव काय द्यायचं इथेच आपली गाडी अडते.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत किंवा छोट्या शहरांतल्या फार्मसी कॉलेजमध्ये या सगळ्याचा उपयोग काय, तर बराच आहे. तिथे ओपन फील्ड आणि प्लस मेझ सर्रास होतात, महाग प्रणाली घेणं सगळ्यांना परवडत नाही आणि मग एखादा एमफार्मचा मुलगा स्टॉपवॉच घेऊन बसतो, पुष्कळदा कुठला उंदीर कुठल्या गटातला हे त्याला माहीत असतं. प्रत्येक प्रयोगासाठी संस्थेच्या अॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का हे लिहून द्यावं लागतं. त्या कमिटीपुढे "आम्ही आधीच्या व्हिडिओतूनच आणखी माहिती काढतोय, नवीन प्राणी नको" असं म्हणता आलं तर किती चांगलं. जुने व्हिडिओ हार्ड डिस्कवर पडून असतात, त्यात फक्त अंतर मोजलेलं असतं, उभं राहणं, डोकावणं सगळं तसंच शिल्लक आहे. त्या प्राण्यांचा जीव गेलेला आहे, त्यांनी जे दाखवलं ते पूर्ण वाचणं आपलं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

करायचं असेल तर उलट्या टोकाने सुरुवात करा. कॉम्प्युटर आणि ग्राफिक्स कार्डाचा विचार नंतर, ते भाड्याने ऑनलाइनही मिळतं. आधी दोघांनी बसून कुठलं वागणं मोजायचं ते ठरवा, प्रत्येकाची व्याख्या चार ओळींत लिहा, सुरुवात कुठली फ्रेम आणि शेवट कुठली फ्रेम हे पण लिहा. मग थोडे व्हिडिओ दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता आणि गट माहीत नसताना स्कोअर करा आणि जुळतंय का बघा. जुळत नसेल तर व्याख्या बदला, परत करा. दोघांचं जुळल्यावरच डीपलॅबकट उघडा. काही व्हिडिओ पहिल्या दिवशीच बाजूला काढून ठेवा, नेटवर्कला शिकवताना त्यांना हातसुद्धा लावायचा नाही, शेवटची परीक्षा त्यांच्यावर. आणि कॅमेरा, दिवा किंवा डबा बदलला की ती परीक्षा पुन्हा घ्या, आधीचा निकाल चांगला आला होता म्हणून सोडून देऊ नका.